साखर तपासली, मन तपासलं का?

आजचा विषय जरा जड आहे, पण टाळण्यासारखा नाही. रक्तातली साखर, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

ही शंका जुनीच. १७व्या शतकात इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस विलिस यांनी मधुमेहाचं नातं दीर्घकाळच्या दुःखाशी जोडलं होतं. आज एवढं नक्की सांगता येतं, की मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. आणि २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार भारतात मधुमेही आहेत १० कोटींहून जास्त. म्हणजे हा घरोघरीचा प्रश्न झाला.

होतं काय बघा. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा लागते २० टक्क्यांच्या आसपास, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. साखर ७०च्या खाली उतरली की घाम येतो, हात थरथरतात, माणूस चिडचिडा होतो. उलट बाजूने, सततच्या ताणात कॉर्टिसॉल वाढतं, यकृत जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. त्यात झोप उडालेली, जेवणाच्या वेळा चुकलेल्या, गोळ्या राहून गेलेल्या. मन साखर बिघडवतं, साखर मन बिघडवते.

आता आत्महत्येचं. नैराश्याच्या रुग्णांवरच्या काही अभ्यासांत, ज्यांची साखर बिघडलेली होती त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त दिसले. पण यातल्या बऱ्याच अभ्यासांत सगळी मोजमापं एकाच वेळी घेतलेली असतात. त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हे त्यावरून ठरत नाही. साखर वाढली म्हणजे कुणी जिवाचं बरंवाईट करेल, असा अर्थ काढू नका. आणि साखर आटोक्यात आणली की नैराश्य आपोआप जाईल, असंही नाही. दोन्हींवर उपचार हवेत.

मग करायचं काय? दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी करतोच ना आपण? तेव्हाच डॉक्टरांना मनाबद्दलही सांगा. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली असते. तिचा शेवटचा प्रश्न याच विचारांबद्दल आहे. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट माणसाला मोकळं व्हायला जागा मिळते. मनावरच्या काही औषधांनी वजन किंवा साखर वाढू शकते, तेही विचारून घ्या. पण औषध परस्पर बंद करू नका.

घरातलं कुणी गोळ्या टाळत असेल, "आता कशासाठी जगायचं" म्हणत असेल, तर "साखर का वाढवून ठेवलीस" म्हणून ओरडू नका. शेजारी बसा, सरळ विचारा, ऐका, एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांशी बोला. टेलि-मानसचा नंबर आहे १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. हा भाग ऐकताना स्वतःचीच गोष्ट वाटली असेल, तर तो फोन आजच करा.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.