वृद्धांचे घर आणि घरपट्टी

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांतील मराठी वस्तीत घराचा मोठेपणा अजूनही खणांत सांगितला जातो. माळवदाची, जाड भिंतींची, शहाबादी फरशी घातलेली ही घरे बांधली गेली तेव्हा त्यांत तीन पिढ्या एकत्र नांदत होत्या. पुढे मुले हैदराबादेस, पुण्यास नोकरीधंद्यासाठी गेली, सुना-नातवंडे त्यांच्यामागोमाग गेली, आणि आता आठ खणांच्या घरात दोन म्हातारी माणसे, पुष्कळदा एकटी म्हातारीच, उरलेली दिसते. राहण्यास तिला एक खोली पुरते. घरपट्टी मात्र आठही खणांवर बसते.

साठी उलटलेल्या नागरिकास घरपट्टी माफ असावी काय, हा प्रश्न या मुलखात अशा घरांतून उभा राहतो. माफीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सोपे आहे. हा कर मिळकतीवर नसून मालमत्तेवर आहे. कर्नाटकात घरपट्टीची आकारणी सरकारने ठरविलेल्या मार्गदर्शक दरांशी निगडित आहे. शेजारच्या जागा चढ्या भावाने विकल्या गेल्या, बसस्थानकामागे नवी वसाहत उठली, की हे दर चढतात. आणि ज्या वृद्धेला घर विकावयाचे नाही, तिच्याही मालमत्तेची किंमत कागदोपत्री वाढते. हातात मात्र एक पैसा जास्त येत नाही. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी दरमहा २०० रुपये इतकाच आहे व तो कित्येक वर्षांत वाढलेला नाही. राज्य त्यात आपली भर घालते, तरी औषधपाण्याचा खर्च भागून घरपट्टीसाठी काही उरेल अशी ती रक्कम नव्हे. त्यात मूळ करावर ग्रंथालयासाठी सहा, आरोग्यासाठी पंधरा व भिक्षुक-निवारणासाठी तीन टक्के उपकर! जिने दुसऱ्यापुढे हात पसरू नये म्हणून सरकार निवृत्तिवेतन देते, तिच्याकडूनच भिक्षुक-निवारणाचा उपकर घ्यावयाचा, हा प्रकार विनोदी म्हणावा की कसे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तथापि सरसकट माफीला हरकत घेणाऱ्यांचे म्हणणेही झटकून टाकण्याजोगे नाही. कर्नाटकात जकात १९७९ साली बंद झाली. त्यानंतर गावच्या पुरसभेला स्वतःचे म्हणून जे उत्पन्न उरले, त्यात घरपट्टीचा वाटा मोठा आहे. गल्लीतील दिवा, नाल्यांची सफाई, कचऱ्याची गाडी यांची गरज तरुणापेक्षा वृद्धालाच अधिक. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ सालापासून मालमत्ता कर माफ झाला. परंतु मुंबईच्या तिजोरीला जे पेलते ते भालकीच्या तिजोरीला पेलेल असे नाही. शिवाय मुंबईने माफी वयावर न देता घराच्या आकारावर दिली, हेही ध्यानात घ्यावयास हवे. दिल्लीत वृद्धांना ३० टक्के सूट मिळते, तीही स्वतः राहत्या एकाच घरावर व २०० चौरस मीटरच्या मर्यादेत.

खरी अडचण मात्र तिजोरीची नसून नावाची आहे. एकत्र कुटुंबात घर वडिलांच्या नावावर असते. वडील सत्तरीचे, दोन मुलगे कमावते, रस्त्याकडेला चार गाळे भाड्याने दिलेले. वयाच्या दाखल्यावर माफी मिळू लागली तर तिचा पहिला लाभ या घराला होईल. उलट ज्या विधवेसाठी हा सारा खटाटोप, तिचे नाव पुष्कळदा दप्तरात नसतेच. नवरा जाऊन वीस वर्षे झाली तरी खाते त्याच्याच नावावर चालत असते. वारसा लावावयाचा तर मृत्यूचा दाखला, वंशावळ, सर्व मुलांच्या सह्या, आणि त्यांतील एखादा मुलगा भावाशी अबोला धरून दूरदेशी बसलेला. मृत माणसाला ज्येष्ठ नागरिकाची सवलत कोणता कारकून देणार?

यावर एक वाट परदेशात रुळलेली आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पंचावन्न वर्षांवरील घरमालकास राहत्या घराचा कर पुढे ढकलता येतो. नगरपालिकेचा पैसा प्रांत सरकार भरते, तेवढा बोजा घरावर चढवते, आणि घर विकले गेले वा दुसऱ्याच्या नावे झाले की व्याजासह वसूल करते. वृद्धाला घर सोडावे लागत नाही, गावाचे उत्पन्न बुडत नाही, आणि कर अखेर ज्यांना घर मिळते त्यांच्याकडून येतो. सीमाभागातील प्रश्नाला ही योजना सरसकट माफीपेक्षा अधिक लागू पडते. जी मुले आईला दरमहा चार पैसे धाडण्यास विसरतात, तीच तिच्या पश्चात खाते आपल्या नावे करून घेण्यास पहिल्या गाडीने येतात; बोजा तेव्हा वसूल झाला तर कोणावर अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. जिला निवृत्तिवेतनावाचून दुसरा आधार नाही, तिला मात्र पूर्ण माफीच हवी, आणि ती मिळकतीकडे पाहून द्यावी, जन्मतारखेकडे पाहून नव्हे.

माफीचा निर्णय होईल तेव्हा होईल. दोन गोष्टी त्यावाचूनही करता येण्याजोग्या आहेत. कर्नाटकात एप्रिल महिन्यात घरपट्टी भरणारास पाच टक्के सूट आहे आणि मुदत टळल्यावर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, दंड आहे. ही सूट मिळते ती तरतरीत माणसाला. दंड बसतो तो ज्याला वेळेवर कोणी सांगितले नाही त्याला. एकट्या वृद्धांना दंडातून वगळल्यास पुरसभेचे फारसे बिघडणार नाही. दुसरी गोष्ट भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखाकडे गेले, भालकी व औराद म्हैसूर राज्यात राहिले. त्यापूर्वी ज्यांनी अक्षरे गिरवली त्यांतील कित्येक आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि घरपट्टीची नोटीस येते ती कानडीत. त्याच १९५६ साली केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्यांविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात अशा समाजाचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत छापणे हितावह होईल, असे सुचविले होते. कानडी मजकुराखाली मराठीत रक्कम, मुदत आणि सुटीची तारीख अशा तीन ओळी छापण्यास कायदा बदलावा लागत नाही. त्या तीन ओळी असल्या म्हणजे दाराशी आलेला कागद वाचून घेण्यासाठी म्हातारीला शेजारच्या शाळकरी पोराची वाट पाहत बसावे लागणार नाही.