भांडं रिकामं परत देऊ नये

कृतज्ञता या विषयावर बोला, असं सांगण्यात आलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी संत आले नाहीत, सूफीही आले नाहीत. आली ती अमेरिकेतून आपल्या मुलखात येऊन राहिलेली मिशनरी कुटुंबं. मी मुसलमान, कविता लिहितो मराठीत, आणि बोलणार ख्रिस्ती पाद्र्यांच्या घरांविषयी, याची तुम्हाला गंमत वाटेल. पण परक्या मातीत राहून उपकार कुणाचे मानायचे, हा प्रश्न या घरांत रोज उभा असणार, असं मला फार दिवस वाटत आलं आहे.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते नकोच होते. तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं, 1831 मध्ये ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचलं. मागाहून कुटुंबंच्या कुटुंबं आली. देवाचे आभार मानायची त्यांची तालीम पक्की होती. सकाळी प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना, निजण्याआधी प्रार्थना. शिवाय ज्यांच्या देणग्यांवर संसार चालायचा त्या मायदेशीच्या मंडळींना पत्रं. आणि हे सगळं कशाच्या मधोमध? हॉल यांची बायकामुलं 1825 मध्ये अमेरिकेला गेली आणि पुढच्या मार्चमध्ये ते स्वतः नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना एका खेड्यात पटकीनं गेले. घरचं माणूस जवळ नव्हतं. अशा ठिकाणी 'देवा, तुझे उपकार' असं म्हणणं हे काही गुळगुळीत वाक्य नव्हे. त्याला छाती लागते.

तरीही देवाचे आभार आणि माणसांचे आभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे हदीसमध्ये सांगितलं आहे त्याचा आशय असा, की जो माणसांचे उपकार मानत नाही त्यानं अल्लाचेही मानले नाहीत. माझ्या आईच्या तोंडी 'शुक्र' हा शब्द दिवसातून वीसदा यायचा, पण तो वर पाहून. शेजारच्या काकूंना ती कधी शुक्रिया म्हणाली नाही. ईदला आमच्याकडून त्यांच्याकडे शीरखुर्म्याचा डबा जायचा, तोच डबा दिवाळीला चकल्या भरून यायचा. मधल्या काळात वाटीभर आमटी आली तर वाटी परत जाताना तिच्यात निदान साखर तरी असायची. भांडं रिकामं परत देऊ नये, एवढंच आम्हाला शिकवलं होतं.

मराठी शिकायला बसलेल्या अमेरिकन बाईची इथंच पंचाईत होत असणार. तिच्या भाषेत पाण्याचा पेला दिला तरी आभार. आपल्याकडे 'आभार' हा शब्द सभेच्या शेवटी येतो, आणि तो आला की अर्धी सभा चपला शोधायला लागते. घरच्या माणसाला 'आभारी आहे' म्हटलं तर त्याला वाटतं, आपल्याला परकं केलं. आपण उपकार मानतो, स्मरतो आणि जमलं तर फेडतो. या तीन क्रियापदांतलं तिसरं सर्वांत अवघड. स्वयंपाकी, आया, भाषा शिकवणारे पंतोजी, विहिरीवर पाणी भरू देणारे गावकरी, यांचं काय फेडायचं? आम्ही तुम्हाला खरा धर्म दिला, हे उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. धर्मांतराचा हेतू होता, तो झाकायचं कारण नाही. पण घेणाऱ्यानं मागितलेलंच नसेल, तर त्याला फेड म्हणता येत नाही.

ही मंडळी ज्या न्यू इंग्लंडमधून आली, तिथली थँक्सगिव्हिंगची चाल प्रसिद्धच आहे. 1621 साली पहिलं चांगलं पीक आलं तेव्हा प्लिमथच्या वसाहतवाल्यांनी सण केला. मका कसा पेरायचा हे त्यांना तिथल्याच टिस्क्वांटम नावाच्या माणसानं दाखवलं होतं. आभार देवाला पोहोचले, जमीन मात्र हळूहळू वसाहतवाल्यांची झाली. म्हणून 1970 पासून तिथले काही मूळ रहिवासी त्याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात.

नगरच्या ह्यूम घराण्याची गोष्ट मला यासाठी मोलाची वाटते. रॉबर्ट विल्सन ह्यूम मुंबईच्या मिशनमध्ये होते. 1854 मध्ये ते समुद्रप्रवासातच वारले. त्यांचा भायखळ्यात जन्मलेला मुलगा, रॉबर्ट ॲलन, तेव्हा सात वर्षांचा. हॅनाबाईंनी, म्हणजे त्या विधवा आईनं, मुलांना अमेरिकेत वाढवलं. ज्या देशाच्या सेवेत नवरा गेला त्या देशाचं नाव घरात कडवट होऊ देणं किती सोपं होतं! पण 1874 मध्ये रॉबर्ट नगरला आला आणि 1875 मध्ये धाकटा एडवर्डही हिंदुस्थानात आला. त्या माऊलीनं मुलांना काय सांगितलं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

रॉबर्ट ह्यूम 1886 मध्ये रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात बोलले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचं नाव हयातीत पडलंच नाही, त्यांना मृत्यूनंतर देव संधी देईल असं मानायला जागा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा गहजब झाला. त्यांना नगरला परत पाठवायचं की नाही, यावर त्यांना पाठवणाऱ्या मंडळातच वाद पेटला आणि परवानगी मिळायला 1887 उजाडलं. पंडितांनी याचं विश्लेषण धर्मशास्त्राच्या अंगानं केलं आहे. मला कवी म्हणून त्यात दुसरं दिसतं. ज्या शेजाऱ्यांमध्ये आयुष्याची इतकी वर्षं गेली ते सरसकट नरकात जाणार, हे तोंडानं म्हणायला हा माणूस तयार झाला नसावा. असं न म्हणण्यानं त्यांचं काम जाऊ शकत होतं. याला मी उपकार फेडणं म्हणतो. पुढे 1900 च्या दुष्काळातल्या मदतकार्याबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळालं, तेही मोठंच. पण देणाऱ्याच्या जागी उभं असताना कृतज्ञ राहणं हे घेणाऱ्याहून कठीण असतं.

जाता जाता एक. 'तुमचं मराठी किती छान!' असं मला अजून लोक म्हणतात. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, स्वप्नंही मराठीत पडतात, तरी. भायखळ्यात जन्मलेल्या ह्यूमसाहेबांनाही हे ऐकावं लागलं असेल काय?

आणखी एका माणसाचं नाव घेतो. जस्टिन ॲबट हेही याच मिशनचे, त्यांचे वडीलही नगरला मिशनरी होते. निवृत्त होऊन ते न्यू जर्सीत राहिले आणि तिथं बसून आपल्या संतकवींची इंग्रजी भाषांतरं करत राहिले. 1929 मध्ये बहिणाबाईंचं आत्मचरित्र आलं, मूळ मराठीसह. 1930 मध्ये तुकाराम, 1932 मध्ये रामदास, त्याच साली ते वारले. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मिशनरींनी ज्या भक्तीला भ्रम म्हटलं होतं, तिच्या ओव्या हा सत्तरीतला म्हातारा शब्द शब्द तोलून आपल्या भाषेत नेत होता. महिपतींच्या 'भक्तविजया'चं भाषांतर त्यांच्या पश्चात 1933 पासून छापलं गेलं. भाषा शिकवणारे, अर्थ सांगणारे पंडित अशा ग्रंथांत बहुधा प्रस्तावनेतल्या एका ओळीत उरकले जातात. या पुस्तकावर मात्र जस्टिन ॲबट यांच्या शेजारी, भाषांतरकार म्हणूनच, पंडित नरहर गोडबोले यांचं नाव आहे.