परभाषेचा विद्यार्थी
(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात औरंगपुरा येथे केलेले भाषण)



दरसाल या प्रसंगी दोन शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांस देता. आमचे स्वतःचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपलीकडे गेले नाही. सारी हयात फळ्यापुढे खडू झिजविण्यात गेली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करणार नाही, असे गृहीत धरून आज एका अर्जाविषयी बोलतो.

हा अर्ज गेल्या महिन्यात शिष्यवृत्ती समितीपुढे आला. अर्जदार आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी. वडिलांचे येथेच औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांचे लहानसे दुकान आहे. मुलीने पदवीच्या अभ्यासाबरोबर जर्मन भाषा शिकण्यास आरंभ केला. दुकानात गिऱ्हाईक नसे तेव्हा गल्ल्यावर बसून शब्द पाठ केले, आणि तिसऱ्या पायरीची परीक्षा ती उत्तीर्ण झाली. आता तिला एक वर्ष जर्मनीतील वृद्धाश्रमात स्वयंसेविका म्हणून जावयाचे आहे. परत आल्यावर भाषांतराचे काम करावे आणि येथील मुलांना ती भाषा शिकवावी, अशी तिची आकांक्षा आहे. विमानभाड्यापुरती रक्कम मंडळाने बिनव्याजी द्यावी, एवढेच तिचे मागणे.

समितीत दोन प्रश्न निघाले. इंजिनियरिंग नाही, मेडिकल नाही, मग नुसती भाषा शिकून पोट कसे भरणार? आणि म्हाताऱ्यांची सेवाच करावयाची, तर त्यासाठी सातासमुद्रापार कशाला? प्रश्न गैर नाहीत. त्यांतील पहिला तर आम्हीच विचारला होता, हे प्रांजळपणे सांगतो.

परंतु घरी आल्यावर आमचे तीर्थरूप आठवले. निजामाच्या राजवटीत सरकारी शाळांतील वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होई. मौलवी अब्दुल हक यांनी १९१३ पासून उर्दूच्या प्रसाराचे थोर कार्य केले, ते याच शहरातून. आमच्या वडिलांची मातृभाषा मराठी. पण कचेरीत त्यांना भाकरी मिळाली ती उर्दू अक्षरांवर. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, पुढे कचेरीची भाषा पालटली, आणि संसार पदरी असताना त्यांना नव्याने अर्ज-टिपणे लिहावयास शिकावे लागले. आपल्यापैकी कितीतरी घरांची हीच कथा आहे. परभाषेवर पोट भरते की नाही, हे औरंगपुऱ्यातील म्हाताऱ्यांना कोणी सांगावयास नको होते. आम्हीच ते विसरलो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोलापूरकडे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म तेथे १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. १९३८ साली, जपानने चीनवर आक्रमण केले असता, काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि आपले कोटणीसही. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांची आगबोट मुंबईहून सुटली. त्या वेळी कोटणिसांना चिनी भाषा येत नव्हती. वडिलांच्या निधनाची वार्ता तिकडेच कळली; तरीही ते परतले नाहीत.

लोक त्यांच्या शस्त्रक्रियांची आठवण काढतात, आणि ते योग्यच आहे. आम्हा शिक्षकाचे मन मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी अडते. दुभाष्याच्या आधाराने त्यांचे काम कदाचित भागले असते. पण जखमी शिपायाला कोठे दुखते हे त्याच्याच तोंडून समजावे, यासाठी त्यांनी ती अवघड लिपी आणि ते स्वरांचे उच्चार आत्मसात केले. इतके, की पुढे ते चिनी विद्यार्थ्यांना चिनी भाषेतून वैद्यक शिकवू लागले. १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील एका परिचारिका-शिक्षिकेशी विवाहबद्ध झाले आणि शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकाच्या लेखनास त्यांनी हात घातला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर बोलपट काढला, तो वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

कोटणिसांपाशी विद्या होती, भाषा त्यांनी सेवेतून मिळविली. या मुलीपाशी भाषा आहे. पण ती पुस्तकी आहे. अंथरुणाला खिळलेली आजीबाई पुटपुटते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. ते ज्याला कळू लागले, त्याला भाषा आली.

मात्र डोळे मिटून होकार द्या, असे आमचे म्हणणे नाही. जर्मनीत अशा स्वयंसेवेचा कायदा १९६४ पासून आहे. त्यात पगार नसतो. हातखर्च आणि विमा मिळतो, बहुधा राहण्या-जेवण्याची सोय होते. काम कष्टाचे: वृद्धांना भरविणे, न्हाऊ घालणे, अंथरुणे बदलणे. आणि "परदेशी पाठवितो" म्हणून आगाऊ पैसे उकळणारे दलाल गावोगाव झाले आहेत. म्हणून ज्या संस्थेत जावयाचे तिचे पत्र आम्ही मागितले. मुलीने ते आणून दाखविले, आणि त्याचा अर्थ ओळ न् ओळ मराठीत सांगितला.

आता एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाला रशियन शिकावयाची होती. त्याचे वडील सल्ला घेण्यास आले. आम्ही म्हणालो, नसते खूळ आहे, डिप्लोमाला घाला. मुलगा डिप्लोमात दोनदा नापास झाला, कसाबसा सुटला. आज नोकरीत आहे, संसार नेटका आहे. भाजी मंडईत भेटला की हातातली पिशवी खाली ठेवून "गुरुजी" म्हणून वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांस टोचतो.

समितीची बैठक येत्या रविवारी आहे. गेल्या बैठकीत आमचे मत विरुद्ध नोंदले गेले आहे. ते बदलून घ्यावे, असे पत्र आम्ही चिटणिसांकडे कालच दिले.