बरणी पाहावी कशी

चिकलठाण्यासारख्या गावी जुन्या घराच्या वाटण्या होतात, तांब्या-पितळेची याद होऊन मोडीचा भाव ठरतो. आणि खांद्याशी तपकिरी, पोटाशी दुधी रंगाची माळ्यावरची लोणच्याची बरणी मात्र कोणाच्याच वाट्यास न येता उकिरड्यावर जाते, याचा मला मनस्वी खेद होतो.

जपानातील शिगाराकी येथील जुने रांजण असेच शेतकऱ्यांच्या बी-बियाण्याचे होते. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, खालचा भाग किंचित सुकल्यावर वरचा जोडीत. म्हणून सांध्याची रेघ पोटावर स्पष्ट दिसते. लाकडाच्या भट्टीत अनेक दिवस आच दिली जाई, उष्णता 1200 अंशांपलीकडे चढे, आणि ज्वाळेसवे उडालेली राख रांजणाच्या एकाच खांद्यावर बसून, वितळून, हिरवट काचेच्या ओघळांनी खाली उतरे. दुसरी बाजू तांबूस व कोरडी राही. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (1522–1591) प्रभृती चहाविधीच्या आचार्यांनी अशा ओबडधोबड मृत्पात्रांना चहाच्या दालनात मानाचे स्थान दिले. रसिकतेचा इतका धीट निर्णय कलेच्या इतिहासात मला क्वचितच आढळतो.

आपली बरणी खुर्जा, थानगढ अशा ठिकाणच्या कारखान्यांतली, पुष्कळदा साच्यातली. पण तीही कडक आचेने घट्ट झालेल्या मातीचीच, म्हणून कैरीचा आंबटपणा आणि मीठ तिला वर्षानुवर्षे बाधत नाही. ती पाहावयाची तर झाकण काढून ठेवावे आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात खांदा सावकाश फिरवावा. तपकिरी झिलई दुधी रंगावर जिथे उतरते तिथली किनार सरळ आहे की ओघळलेली, हे न्याहाळावे. ओघळलेली मला अधिक प्रिय. मग बरणी पालथी करावी: बुडाशी झिलई संपते आणि माती उघडी पडते, तिथे तिचा खरा रंग व पोत कळतो. बोटाच्या पेराने हलकेच वाजवावे. अभंग बरणी खणखणते, तडा असेल तर बद्द बोलते. काठाचा टवका क्षम्य मानावा, पोटातला तडा नव्हे. तेलाने काळवंडलेला गळा तेजाबाने घासून उजळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

जपानी संग्राहक चहाविधीच्या पात्राबरोबर त्याची लाकडी पेटी आणि झाकणावरचा लेखही जतन करतात. आपणही चिठ्ठीवर बरणी कोणाच्या घरची, कोणत्या साली आली, तीत काय मुरत असे, एवढी नोंद करून ती आत ठेवावी. ज्यांना हे ठाऊक आहे अशी माणसे घरात आहेत तोवरच.