दुकानातली पाटी



आपल्या जांब गावात दुकानाच्या फळीवर रंगीत पुठ्ठ्याची पाटी उभी असते. ती कशी होते, ते सांगतो.

चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून चित्रे छापत. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. मग दगड ओला करायचा. तेल अन् पाणी एक होत नाही. म्हणून शाई तेलकट रेघेलाच धरते. वर कागद दाबला की चित्र उठते. जितके रंग, तितके दगड.

आता दगड गेला, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आला. युक्ती तीच. छापलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवतात, पोलादी पात्यांच्या साच्याने कापतात. मागे टेकू लावला की झाली पाटी.

बाबांनो, बायांनो, पाटीचे काम नजर धरायचे. अक्षर येत नव्हते, तेव्हा लोक चित्राच्या खुणेवर माल घ्यायचे. चित्र तसेच, माल दुसरा, अशी फसगत व्हायची. आता तुम्हांला वाचता येते. पुडा उलटा करा. वजन, किंमत, महिना, साल वाचा. ते छापणे कायद्याने बंधनकारक आहे. वाचा, मगच पैसे मोजा.