आलेला हक्क, गेलेला हक्क

आज दूरदेशीची एक जुनी गोष्ट सांगते.

अमेरिकेत न्यू जर्सी नावाचं राज्य आहे. 1776 साली इंग्रजांचं राज्य झुगारताना त्यांनी आपली राज्यघटना लिहिली. जिल्ह्यात वर्षभर राहणाऱ्या आणि 50 पौंडांची मालमत्ता असलेल्या सगळ्या रहिवाशांना मत, असं तिच्यात होतं. 'पुरुष' असा शब्दच नव्हता. पुढे 1797 च्या कायद्यात तर मतदार 'तो किंवा ती' असं स्पष्टच लिहिलं.

पण लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्यानं नवऱ्याची व्हायची. म्हणून मत उरलं ते मुख्यतः विधवांना आणि बिनलग्नाच्या बायकांना, तेही पदरी पैसा असेल तर.

तेव्हा तिथे दोन पक्ष होते, फेडरलिस्ट आणि रिपब्लिकन. 1797 साली एसेक्स जिल्ह्यात विधिमंडळाच्या एका जागेसाठी मोठी चुरस झाली. एलिझाबेथटाउनच्या बायकांनी फेडरलिस्ट उमेदवाराला मतं दिली. रिपब्लिकन उमेदवार जॉन कॉन्डिक्ट पडता पडता वाचले. बायकांच्या मतांनी पारडं फिरू शकतं, हे सगळ्यांना कळलं. मग जो तो पक्ष सोयीप्रमाणे बोलू लागला. आपल्याला मतं मिळाली तर बायका शहाण्या, दुसऱ्याला गेली तर भोळ्या!

1807 साली त्याच जिल्ह्यात न्यायालयाची इमारत कुठल्या गावी बांधायची, यावर मतदान झालं. भयंकर बोगस मतदान झालं. काही पुरुषांनी तर बायकांचे कपडे घालून पुन्हा मतं टाकली, असं सांगतात. लबाडी पुरुषांची, पण शिक्षा बायकांना झाली. त्याच वर्षी नवा कायदा मंजूर झाला. मत फक्त कर भरणाऱ्या स्वतंत्र गोऱ्या पुरुषांना. बायका गेल्या, काळे लोकही गेले. घटना तीच राहिली, साध्या कायद्यानं हक्क काढून घेतला.

विधिमंडळात बोलायला एकही बाई नव्हती. मत होतं, पण जिथे कायदा होतो तिथे जागा नव्हती. गेलेलं मत देशाच्या घटनेत दुरुस्ती होऊन परत यायला 1920 साल उजाडलं. मध्ये 113 वर्षं गेली.

तर मैत्रिणींनो, मत द्यायला जाऊच. पण निर्णय होतात त्या बैठकीलाही जाऊन बसू, आणि बोलू.