मोटारीच्या ॲल्युमिनियमी भागांवरील ओरखडे

ॲल्युमिनियमचीं चाकें लावलेल्या मोटारी वर्धा जिल्ह्यांत आतां नवलाच्या राहिल्या नाहींत. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तेव्हांपासून त्या या जिल्ह्याच्या शिवारांतून भरधांव जातात. परंतु चाकांना ओरखडे पडतात ते बहुधा महामार्गावर नव्हेत. वर्ध्याच्या किंवा हिंगणघाटच्या बाजारांत गाडी बाजूस लावतांना सिमेंटच्या कडेवर चाक घासतें, तेव्हां ते पडतात. ओरखडा बोटभर असतो, पण मालकाचा जीव तेथेंच घुटमळतो. मग भांडीं घासण्याची तार, नाहीं तर धुण्याचा सोडा हातीं येतो, आणि खरें नुकसान तेथून सुरू होतें.

या धातूचा स्वभाव आधीं ध्यानांत घ्यावा. हवा लागतांच ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो व तोच त्याचें रक्षण करतो. सोडा, राख असे क्षारधर्मी पदार्थ हा थर खातात. राखेनें घासलेलें ॲल्युमिनियमचें पातेलें काळवंडतें, हें गृहिणींस पुस्तकावांचून ठाऊक असतें. हाच थर विजेच्या साहाय्यानें जाड करण्याची एक रीत बेनगॉ व स्टुअर्ट यांनीं १९२३ सालीं इंग्लंडांत समुद्री विमानांच्या भागांसाठीं काढली. तिला ॲनोडायझिंग म्हणतात. मोटारीच्या खिडक्यांभोंवतींच्या पट्ट्या व टपावरील दांडे यांवर पुष्कळदां असाच थर असतो. तो रंग नव्हे, धातूचेंच रूपांतर होय. म्हणून तो घासून उजळत नाहीं, घासला जाऊन नाहींसा होतो. कित्येकदां तेथें ओरखडा म्हणून दिसतो तो दुसऱ्या गाडीचा लागलेला रंगच असतो, व मऊ कापडावर थोडें स्पिरिट घेऊन पुसतांच निघतो. खरोखर खोल ओरखडा असेल, तर पट्टी बदलावी किंवा थर नव्यानें चढवून घ्यावा.

चाकाची गोष्ट निराळी. त्यावर अस्तर, रंग व वर पारदर्शक रोगण असे थर असतात. रोगण फुटलें कीं पाणी त्याच्या खालीं शिरतें. येथील काळ्या मातीचा चिखल आऱ्यांमध्यें घट्ट बसतो व ओल धरून ठेवतो. पावसाळा सरतां सरतां रोगणाखालीं दोऱ्यासारखे पांढरे नागमोडी माग उमटूं लागतात. म्हणून श्रोत्यांपैकीं ज्यांच्या दारीं अशी गाडी असेल त्यांनीं उन्हाळ्यांतला ओरखडा आषाढापर्यंत उघडा ठेवूं नये.

काम सावलींत व थंड चाकावर करावें. वैशाखांतल्या उन्हांत तापलेल्या धातूवर रंग नीट पसरण्यापूर्वींच सुकतो. चाक साबणानें धुवावें, वाळवावें, तेलकटपणा स्पिरिटनें काढावा. मग २४० नंबरचा काचकागद, त्यामागून ४०० व ६०० नंबरचा. लोखंडी तार मात्र दूर ठेवावी. तिचे कण मऊ धातूंत रुततात, गंजतात, आणि ओलाव्यांत ॲल्युमिनियमलाहि खातात. खड्डा असल्यास लांबी भरून सपाट करावी. टायर व चाकाची कड यांच्या फटींत जुनीं पोस्टकार्डें खोंचून टायर झांकावा. उघड्या धातूवर त्याच दिवशीं ॲल्युमिनियमसाठींचें अस्तर द्यावें, नंतर रंगाचे पातळ हात, व शेवटीं रोगण. जाड हात देण्याची घाई बहुतेकांना भोंवते, रंग ओघळतो. नटबोल्टांच्या बैठकींवर व ब्रेकच्या तबकडीवर रंगाचा थेंबहि पडूं देऊं नये.

ज्या चाकांचा दर्शनी भाग लेथवर कातून चकचकीत केलेला असतो, त्यांस हा घरगुती उपाय लागू पडत नाहीं. तें चाक पुन्हां कातावें लागतें, आणि दर खेपेस थोडी धातु जात असल्यानें तें फार वेळां करतां येत नाहीं.

तडा गेलेलें चाक या कथनाच्या बाहेरचें आहे. तड्यांत लांबी भरून वरून रंग दिला तर तडा दिसेनासा होतो, कमी होत नाहीं, व पुढें वेगांत चाक फुटण्याचें भय राहतें. जुना रंग काढण्यासाठीं चाकावर दिव्याची ज्योत धरण्याची रीतहि तितकीच घातक होय. या मिश्रधातूस मिळालेलें बळ ठरावीक उष्णतेच्या संस्काराचें असतें, आणि बेताल आंच लागली कीं तें उतरतें.